किटेरिया घाट

नगरपालिका भवन,
३ सप्टेंबर

प्रिय ओतीलियाताई,

खुशाल असशील. तिकडे फ्रान्सात थंडी लवकर पडते, गुडघे सांभाळ. इकडे यंदा सार्डिन मासळी बरी मिळाली. गालो वारला. तोच तो, न्हावी. तुझी चौकशी करायचा.

चार वर्षांनी लिहितोय. महापौर म्हणून माझी तिसरी मुदत पुढच्या महिन्यात संपते. चौथ्यांदा लागोपाठ उभं राहायला कायदा आडवा येतो. पक्षाने लिस्बनला बोलावलंय. जाण्याआधी नदीकाठच्या नव्या घाटाला आईचं, किटेरियाचं, नाव द्यायचं ठरलंय. वारस म्हणून तुझी संमती लागेल, कागद सोबत जोडलाय.

तू विचारशील, त्याच कोळीवाड्याच्या जागेवर? हो, त्याच. माझ्या पहिल्या निवडणुकीत आई तिथे दारोदार फिरली. "माझ्या बेल्मिरोला मत द्या, तो तुमची घरं राखेल." एकशे बारा मतांनी आलो. ती मतं तिचीच होती, मी नाकारत नाही. पण माझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तराने जन्मभर कोळीवाडाच राखायचा का? शहराला हॉटेलं हवी होती. घरं पाडायला काढली. सगळे गेले, आई तेवढी आपल्या घराला आतून कडी लावून बसली.

तिच्या नोटिशीवर मीच सही केली. वर्तमानपत्रात छापून आलं, 'सख्ख्या आईलाही सवलत नाही!' तिसरी निवडणूक तिथेच अर्धी जिंकली.

वृद्धाश्रमात मीच तिला सोडलं. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "बेल्मिरो, इथून नदी दिसत नाही रे."

"तुला तसंही कुठे धड दिसतं, आई?" मी म्हणालो. ड्रायव्हर हसला. मीही हसलो.

तीन महिन्यांत तिने अन्न टाकलं. मतदानाच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "लेकीला बोलावून घ्या." मी बोलावलं नाही. तू आली असतीस तर भर चौकात उभी राहून बोलली असतीस. तुझं तोंड मला लहानपणापासून ठाऊक आहे. शनिवारी दुपारी ती गेली. रविवारी मतमोजणी संपली आणि मग तुला फोन केला. दफनाच्या वेळी तू सगळ्यांदेखत विचारलंस, "मोजून झाली का रे मतं?" मी खाली वाकून शवपेटीवर मूठभर माती टाकली. तुला वाटलं, लाजलो.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. शुक्रवारी प्रचार संपता संपता मी तिच्याकडे गेलो होतो. तिने डोळे उघडले.

"ओतीलिया निघाली का?"

"कळवलंय तिला. वेळ नाही म्हणाली."

"नसेल बाई वेळ," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर कुणाशी बोलली नाही.

हे तुला कधीच सांगणार नव्हतो. पण घाटाच्या समारंभाला येऊन तू पुन्हा तमाशा करशील, म्हणून सांगून ठेवतो. येशील तेव्हा एवढं ध्यानात असू दे, आई माझ्यावर रागावून गेली नाही. तुझ्यावर रुसून गेली. आता तिची समजूत घालायची सोय नाही.

तब्येतीला जप.

तुझं उरलेलं एकमेव माणूस,
बेल्मिरो