आरतीच्या जागी वाजलेली सीडी

बाबा, आज मी ऑफिसातून निघाले आणि घरी न जाता हायवेवर नुसती गाडी पळवत बसले. तोच जुना ब्लॅक मेटलचा अल्बम लावला होता. शुगर लँडच्या या टेक्सन उकाड्यातही तो ऐकताना अंगावर काटा येतो. नुसता आरडाओरडा असता तर मी तो शाळेतच सोडून दिला असता. पण त्या किंकाळ्यांच्या खाली दोन गिटार मिळून एक उदास चाल वाजवत राहतात. ड्रम्स जिवाच्या आकांताने धावतात आणि चाल मात्र आपली सावकाश पुढे सरकते. सोळाव्या वर्षी माझं अगदी असंच चालायचं, बाहेरून धिंगाणा आणि आत कुणीतरी मुसमुसतंय. मला ते सांगता येत नव्हतं, त्या बँडवाल्यांना येत होतं.

तू मला ड्रायव्हिंग शिकवायचास तेव्हा हीच सीडी लावायचा माझा हट्ट. तू कपाळाला आठ्या घालून म्हणायचास, "अगं, त्या माणसाला कुणीतरी पाणी द्या!" मी उखडायचे. "बाबा, इट्स मेलोडिक! नीट ऐक ना." "आधी मिरर बघ," म्हणायचास, की विषय संपला.

मग तो मंडळाचा गणपती. शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतलेला, निरांजनं लावून सगळे उभे. आरतीची सीडी आणायचं काम तुझ्याकडे, आणि तू गाडीतून भलतीच उचलून आणलीस. घरी कॉपी केलेल्या सगळ्या सीडी सारख्याच दिसायच्या. सुरुवातीला नुसती संथ गिटार वाजली. लोकांना वाटलं, नवीन चाल असेल. एका काकूंनी तर डोळे मिटून तबक ओवाळायला घेतलं. आणि मग तो किंचाळला. काकूंच्या हातातलं तबक पडता पडता राहिलं. "व्हॉट इज धिस? कुणाची आहे ही सीडी?" मंडळाचे अध्यक्ष काका ओरडले. बघत मात्र होते माझ्या काळ्या नेलपॉलिशकडे. मी हात पाठीमागे लपवले. तू शांतपणे सीडी बंद केलीस आणि म्हणालास, "माझी आहे. ड्राइव्ह करताना ऐकतो. चाल चांगली आहे तिची."

परत येताना आई तुझ्यावर चिडली होती, तू हसत होतास. तू ती खरंच ऐकतोस का, हे विचारू कधीतरी, असं मला वाटलं. त्याच हिवाळ्यात तू गेलास.

तेव्हापासून हे मला स्वस्थ बसू देत नाही. तू दाढी करताना काहीतरी गुणगुणायचास, ते काय असायचं? मी दाराबाहेर थांबून ऐकलं का नाही? आईला विचारलं तर ती म्हणते, "अगं, तुला वाचवायला बोलला तो. त्याला त्यातलं काय कळत होतं! केवढा जीव होता त्याचा तुझ्यावर." आणि डोळे पुसते. मी हो म्हणते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन येरझाऱ्या घालते.

हे पत्र कुठे पाठवणार? तरी एक कबूल करते. माझ्यासाठी तू सगळ्यांसमोर खोटं बोललास, हे केवढं मोठं आहे ते मला कळतं. पण मला ते नकोय, बाबा. तुला ती चाल खरंच आवडली असावी, एवढंच हवंय.