मेव्हण्याचा दोर

९ जानेवारी २००४

विंच आली, तार गुंडाळून वजन ओढायचं मशीन. नवाबभाईनं पुण्याहून भंगारातून आणली, कुठल्या तरी मोडलेल्या जीपची. विहिरीतल्या मोटरी उचलायला पिकअपवर बसवायची म्हणे. कळंबला माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानासमोर गाडी लावली आणि म्हणाला, "तालिब, वायरिंग तूच करायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई."

बरं म्हणालो.

सायराचं चाळिसावं होऊन आठवडाही झाला नाही. मेलेल्या बहिणीच्या नवऱ्याशी काय बोलावं, सुचत नाही. त्यालाही सुचत नसावं. विंचकडं बघत दोघं चहा प्यायलो.

११ जानेवारी

विहिरीत उतरायचं काम त्याचं. वर दोर धरायचं माझं. त्यांच्या घरात आजोबा-पणजोबापासूनचा रिवाज आहे — उतरणाऱ्याचा दोर बायकोच्या भावानं धरायचा. सख्खा भाऊ चालत नाही. भाऊ एखाद्या वेळी वाटणीपायी दोर सोडेल, पण मेव्हणा कसा सोडेल? सोडला तर बहीणच विधवा व्हायची! लग्न ठरवताना नवाबच्या अब्बांनी माझे तळहात उलटेपालटे करून बघितले होते. सायरा आतून ओरडली होती, "नवरी बघायला आलेत का बैल?"

आता बहीण नाही. मग मी कोण? मशीन आली ती त्याचसाठी, दुसरं काय. आणि तिला वायरी जोडायच्या मीच. म्हणजे आपल्या हातानं आपलाच पत्ता कापायचा. राग यायला पाहिजे होता. आला नाही. सायरा गेल्यापासून काहीच येत नाही. जेवण मातीसारखं लागतं, तरी ताट रिकामं होतं.

१२ जानेवारी

दिवसभर काम. विंच मागं हौद्यात बोल्टांनी आवळली. पॉझिटिव्हची जाड केबल पुढं बॅटरीपर्यंत नेली, रबरी पाइपात घालून, चेसीच्या आतल्या अंगानं. मध्ये कटआउट, करंट फार वाढला तर तोडायला. बटन दाबलं की विंचला करंट सोडणारी रिलेची पेटी बाजूला.

अर्थची केबल एवढ्या लांब नेली नाही. आमच्या धंद्यात अर्थ म्हणजे बॉडी, करंट तिच्यातनंच बॅटरीला परत जातो. हॉर्न असो, हेडलाइट असो — जवळचा बोल्ट गाठायचा, वायर आवळायची, काम झालं. तशीच आवळली. नवाबभाईनं चेसीला नुकताच काळा रंग मारलेला, चकचकीत.

बटन दाबलं. रिकामी तार सरसर गेली, सरसर आली. नवाबभाईचा ड्रायव्हर चांगदेव म्हणाला, "लई भारी राव. आता दोराला सुट्टी."

मी पाना-पक्कड पेटीत भरली.

१५ जानेवारी

बोरी बुद्रुक. सावळेरामच्या विहिरीत मोटर गाळात रुतलेली.

विंचच्या तारेला फळी बांधून नवाबभाई बसला. त्याआधी जुना दोरही कमरेला बांधला आणि टोक माझ्याकडं टाकलं. सवय असेल. मी बाभळीच्या बुंध्याला वेढा देऊन दोर धरला. बटन चांगदेवकडं.

उतरला नीट. मोटर फळीखाली बांधली, शीळ घातली. चांगदेवनं बटन दाबलं. निम्म्यावर आला आणि विंच कण्हायला लागली. मग रिलेची नुसती टिकटिक. मग तीही बंद. नवाबभाई मधोमध लटकलेला, ना वर ना खाली. हौद्याकडून रंग जळाल्याचा वास.

वास आला तेव्हा कळलं. रंगावर अर्थ दिली होती, रंगातनं करंट धड जात नाही! हेडलाइटचं तेवढ्यानं भागतं. वजन उचलताना विंच केवढा करंट खाते, आणि तो सगळा त्या रंगलेल्या बोल्टातनं परत यायचा.

"मोटर सोडा, नवाबभाई!" एवढं ओरडलो. त्यानं मोटर सोडली, फळीही सोडली. मी, चांगदेव, सावळेराम आणि त्याची सून, चौघांनी दोरानं वर ओढला.

वर आल्यावर आधी चपला शोधल्या. मी म्हणालो, "चूक माझी. अर्थ नीट दिली नाय."

"दोर व्हता ना," म्हणाला.

तळहात सोललेत. दुखायला पाहिजेत, दुखत नाहीत.

१६ जानेवारी

बोल्टाखालचा रंग लोखंड पांढरं दिसेपर्यंत खरवडला. वेल्डिंगवाल्याकडची जाड केबल आणून निगेटिव्ह विंचपासून थेट बॅटरीला नेली. वाळूची पोती भरून उचलून बघितली. बोल्टाला हात लावला, थंड.

हे पहिल्याच दिवशी करायला काय धाड भरली होती? डोकंच ठिकाणावर नाही.

२२ जानेवारी

नवाबभाईची अम्मी जुन्नरहून आली, पानाचा डबा घेऊन. सुपारी कातरत म्हणाली, "घरात बाई पायजे. भाएरची कशाला आणायची? तुमची उजमा द्या."

उजमा आमची धाकटी बहीण. डी.एड. करतेय, दुसरं वर्ष.

मी लगेच हो म्हणालो. परत मेव्हणा होणार. दोर माझ्याकडंच. दुपारी भाकरीला चव लागली. सायरा गेल्यापासून पहिल्यांदा.

२३ जानेवारी

उजमाला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती.

"मला इचारलं का कुणी?"

म्हणालो, माणूस चांगला आहे.

"चांगलेच हायेत. मी त्यांना दूल्हाभाई म्हणते, भाऊच मानते." चादर पिळली, झटकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाई, तुला दोर धरायचाय म्हणून मी नांदायचं का?"

तोंडात मारल्यासारखं झालं. खरं होतं ते. तिथनं उठून दुकानात आलो आणि नुसता बसलो.

२४ जानेवारी

दुकान उघडलं नाही.

२५ जानेवारी

जुन्नरला जाऊन नाही म्हणून आलो. अम्मी तोंड फिरवून बसली. निघालो तर नवाबभाई मोटरसायकलपर्यंत आला. म्हणाला, "मला बी पटलं नव्हतं. अम्मीला कोण सांगणार?" मग म्हणाला, "उद्या येडगावला विहीर हाय. दोर घिऊन लवकर ये."

विचारलं, "आता मी तुमचा कोण लागतो?"

"सायराचा भाऊ."

ती गेल्यापासून त्याच्या तोंडून तिचं नाव ऐकलं नव्हतं. वेशीबाहेर गाडी कडेला लावली आणि रडलो.