तिसऱ्याला दिलेलं मत

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडणं लोकांना वेडेपणा वाटेल. वाटू दे. यंदा माझ्या मुलीने आयुष्यातलं पहिलं मत दिलं, अमेरिकेच्या अध्यक्षासाठी, इथे अबू धाबीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून. या देशात आम्ही पाहुणे. हिंदुस्थानातलं मत पासपोर्ट बदलला तेव्हाच गेलं. उरलं ते पेनसिल्व्हेनियातलं, कारण तिकडचा आमचा शेवटचा पत्ता तिथला. त्या देशात मोठे पक्ष दोनच, बाकीचे नावापुरते. बाईसाहेबांनी नावापुरत्यांतला एक निवडला. मी म्हटलं, "अगं, तो निवडून येणार नाही. दोघांतला त्यातल्या त्यात बरा बघावा. दगडापेक्षा वीट मऊ." तर मला म्हणते, "ममा, व्हाय शुड आय चूज व्हॉट हिट्स मी?" तुम्ही गेलात, तुमचा पक्ष तुमच्याआधी गेला, आणि तुमचा हट्ट मात्र समुद्र ओलांडून माझ्या घरात पाटावर येऊन बसला.

नगरपालिकेला तुम्ही तीनदा उभे राहिलात आणि तिन्ही वेळा तुमचं डिपॉझिट जप्त झालं. वर्गात मला 'जप्त' म्हणायचे. घरी येऊन रडले तर तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मान ताठ ठेव." जणू मान ठेवायला मला कुणी जागा दिली होती. तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पोरं बोटं चालवायला यायची आणि तुम्ही त्यांना तिसरा पर्याय समजावत बसायचात. हळूहळू ती बसस्टँडसमोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये जाऊ लागली. त्यांना दुसरा पर्यायच पुरला. संसार आईच्या शिवणावर चालायचा, आणि तुम्ही ओट्यावर बसून देश चालवायचात.

तिसऱ्या पराभवाची ती दुपार मी विसरलेले नाही. मतमोजणी झाली आहे, आपल्या बूथच्या पेटीतून तुमच्या नावावर एकच मत निघालं आहे. आई पोळ्या लाटते आहे. तुमचे कार्यकर्ते बाहेर बसले आहेत आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून विचारता, "तू कुणाला दिलंस?" आई मान वर न करता म्हणते, "तुम्हालाच." आणि तुम्ही म्हणता, "मग माझं कुठे गेलं?" बाहेर सगळे खो खो हसले. तव्यावरची पोळी करपली. पुढे कुणीही पाहुणा आला की तुम्ही हा किस्सा सांगायचात, आणि तो ऐकतच आई त्याला चहा द्यायची. ती जाईपर्यंत तुम्ही तिला त्या एका मतासाठी सोलत राहिलात. तिने ते का दिलं नाही, हे मात्र कधी विचारलं नाहीत. मी विचारलं होतं. ती म्हणाली, "हरल्यावर एवढं बोलतात, जिंकले तर काय होईल गं?"

तर आता ऐका. तिकडचा निकाल लागला. आमच्या जुन्या मतदान केंद्राचे आकडे नेटवर आले, तेव्हा मी डिशवॉशरमध्ये भांडी लावत होते. पोरगी लॅपटॉप घेऊन धावत आली. "ममा! टू! देअर आर टू व्होट्स!" तिच्या उमेदवाराला तिथे दोन मतं पडली होती. एक तिचं. तिने माझ्याकडे पाहिलं, चेहरा असा उजळला, जसा लहानपणी शाळेच्या गेटवर मला बघून उजळायचा. "वॉज इट यू?" मी म्हटलं, "मी? मला काय वेड लागलंय? असेल तुझ्यासारखाच कुणी रिकामटेकडा." तिचा चेहरा उतरला. तो उतरताना मी नीट पाहिला, आणि मला बरं वाटलं. ती म्हणाली, "ओके. खलास. आय वोन्ट बॉदर नेक्स्ट टाइम." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवताना फोन बघते, विचारलं तर "फाइन" म्हणते.

तुम्हाला पत्र पोचत नाही हे उत्तम आहे. पोचत असतं तर मी हे लिहिलंच नसतं. दुसरं मत माझं होतं, अण्णा. तिला हो म्हटलं असतं तर तिने मला मिठी मारली असती, आणि मग म्हणाली असती की आपण दोघी आजोबांवर गेलो. तेवढं मला ऐकायचं नव्हतं. तुमच्या वाट्याला काही येऊ नये म्हणून मी माझ्या पोरीला एकटं पाडलं.