झुलाल (नाव बदललेले) याची सव्वा मूठ

धरणगाव,
आषाढ अमावस्येच्या दोन दिवस आधी

तीर्थस्वरूप योगराज आबांच्या चरणी धाकट्या बन्सीलालचा दंडवत. (हात जोडलेले ठेवूनच लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं.) इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचं बीपी? नात डिंपल हिची परीक्षा अजून चालू असेल अशी आशा आहे, कारण त्या पोरीला मोकळा वेळ मिळाला की काय होतं, ते आपण सगळे भोगतोच आहोत.

पत्रास कारण की, यंदा कानबाईच्या रोटांसाठी चुलतभाऊ झुलालच्या नावाचे गहू मोजायचे नाहीत, असा निरोप तुम्ही धुळ्याहून धाडला. श्रावणात तुमच्या घरी कानबाई माता बसते, आपल्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, ते दळून रोट करायचे, आणि ते आपल्या कुळाबाहेर कुणालाही द्यायचे नाहीत, सासरी गेलेल्या बहिणीलासुद्धा नाहीत, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. (सांगितलं अशासाठी की, मृणालीने हेच साडेचार पानं लिहिलं आहे आणि मी एका वाक्यात बसवलं.)

मृणाली म्हणजे ती पुण्याची मुलगी, दोन श्रावण आमच्या माडीवर राहिली ती. विषय मानववंशशास्त्र. शेजारणी विचारतात तेच हे लोक विचारतात, कुणाला काय वाढलं आणि कुणाला वाढलं नाही, फक्त ते वहीत लिहून घेतात. मुलगी गुणी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला शिकली, पहिली भाकरी जळगाव जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली तरी खाल्ली. आम्हाला वाटलं, हिचं लिखाण विद्यापीठातल्या एखाद्या कपाटात जाऊन पडेल आणि वाळवीशिवाय कुणी वाचणार नाही. त्या भरवशावर सगळं गाव तिच्यापुढे मोकळं झालं. आणि लेख निघाला 'मुक्त प्रवेशा'चा! म्हणजे वर्गणी नाही, पासवर्ड नाही, जगात कुणीही मोबाइलवर उघडावा आणि वाचावा. जग राहिलं बाजूला, उघडला तो आपल्या डिंपलने.

त्यातून लेख इंग्रजीत. डिंपलने मोबाइलकडूनच त्याचं मराठी करून घेतलं आणि तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं, असं कळलं. त्या भाषांतरात 'माहिती सांगणारा' याचं 'खबऱ्या' झालं आहे. 'प्रमुख खबऱ्या झुलाल, वय बासष्ट, गेली अकरा वर्षं आपल्या ताटातले दोन रोट रुमालात बांधून रेल्वेच्या गावी दिलेल्या विधवा बहिणीला चोरून नेऊन देतो.' रेल्वेचं गाव म्हणजे पाचोरा आणि बहीण म्हणजे आपली बेबाबाई अक्का, हे शेंबडं पोरही ओळखेल. तुम्ही संतापलात, ते साहजिक आहे.

पण आबा, त्याच पानाच्या तळाशी लिहिलं आहे की सर्वांची नावं बदललेली आहेत. म्हणजे या प्रकरणात एकच गोष्ट पक्की आहे: हा झुलाल कुणीही असू शकतो, फक्त झुलाल नाही! शिवाय लेखातला झुलाल सलग दीड पान बोलतो. आपल्या झुलालने जन्मापासून आजपर्यंतचं सगळं बोलणं एकत्र केलं तरी दीड पान भरायचं नाही. त्याच्या इंदिराबाईंनी तर हे ऐकून कपाळावर हात मारला. "पुनानी पोरले दीड पान, आनि माले नुस्तं हूं!" असं म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. (हे त्याच्या पाच दिवसांनी लक्षात आलं.) पण तुमचा निरोप त्याला लागलीच कळला. काल माझ्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "भाऊ, मन्ही मूठ?" आणि रडायला लागला. माझ्याच वयाचा, बासष्ट वर्षांचा माणूस, आबा. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तरी झुलालची सव्वा मूठ मोजावी, ही विनंती. वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
बन्सीलाल

ता. क. 'मला तोंड लपवायला जागा उरली नाही' हे वाक्य तुम्हाला खटकलं असेल. खटकायलाच हवं. तो खबऱ्या मी आहे. मृणालीने विचारलं, "काका, तुमच्यासाठी कुठलं नाव लिहू?" मी विचार करायला दाराबाहेर पाहिलं, तर नेमका झुलाल सायकलवर गवताचा भारा घेऊन चालला होता. तेव्हा मूठ कापायचीच तर माझी कापा.

आणखी ता. क. पण माझी कापलीत तर तेवढीच अक्काच्या नावाने मोजा. लग्नाआधी याच रोटांचे गहू ती जात्यावर दळायची, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. आता सत्तरीची झाली. भाऊजी गेल्यापासून मी नेलेले गार रोट ती दाराला कडी लावून खाते, आणि मी बाहेर पहाऱ्याला उभा राहतो. मला ते बघवत नाही. यंदा तिला धुळ्याला बोलवा, सगळ्यांच्या पंगतीत बसवा आणि गरम वाढा. पत्र खरं एवढ्यासाठीच होतं.

शेवटचं ता. क. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत एकोणीस टिपा आहेत. चौदावी अक्काने सांगितलेली आहे. धुळ्याचा थोरला भाऊही अकरा वर्षं तिला दोन रोट पाठवतो, एसटीने, 'लोणचं' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यातून. त्या भावाचं नाव बदललेलं नाही, कारण घातलेलंच नाही. मी अक्काला विचारलं तर हसत म्हणाली, "मन्हा दोन्ही भाऊ चोर शेतस." डिंपल आज टीप अकरापर्यंत आली आहे. रोज एक वाचते म्हणे. काय ते तुम्ही ठरवा.