दशरथाचा बगळा कसा झाला

नेरूळ,
बुधवार, दि. ४ नोव्हेंबर १९८७

तीर्थस्वरूप नानांच्या चरणी,

धाकटा मावसभाऊ श्यामसुंदर याचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण आठ अंगांपैकी पाच सध्या कामावर नाहीत, तेव्हा उरलेल्या तीन अंगांचा नमस्कार जमा करून घ्यावा, बाकीचा सवडीने पुरा करीन. आपली, सौ. वहिनींची आणि मुलाबाळांची प्रकृती उत्तम असेलच. आपल्या गुडघ्याचे कसे आहे? (हे रिवाज म्हणून विचारत नाही. गुडघा ह्या विषयावर मी हल्ली कुणाशीही तासभर बोलू शकतो.) इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

पत्रास कारण आपले कार्ड. येत्या बावीस तारखेला मी बॅलेत काम करणार म्हणून आपण घरची अकरा माणसे घेऊन अलिबागहून निघणार, पनवेलला एस.टी. बदलणार आणि मला दशरथाच्या वेशात डोळे भरून पाहणार, असे आपण लिहिले आहे. ते वाचून मी मटकन खाली बसलो. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. बसायला मला हल्ली भिंत, खुर्ची आणि मीना अशा तिघांचा आधार लागतो. नाना, आपण कृपा करून येऊ नये. का येऊ नये हे सांगायचे तर मागे वळावे लागेल. पाठीमुळे ते एरवी जमत नाही, पत्रात जमेल असे वाटते.

जुलै महिन्यात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एक सूचना लागली: 'प्रौढांसाठी बॅले. दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता. अनुभवाची अट नाही.' आता बॅले म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. गिरगावात चाळीच्या गणपतीत आपणच सेतुबंधनाचा बॅले बसवला होता आणि त्यात मला समुद्र केले होते. (निळ्या चादरीखाली दोन तास पालथे पडून मी हललो. दुसऱ्या प्रयोगाला मला झोप लागली आणि समुद्र शांत झाला म्हणून आपण मला मारले, हेही आठवते.) बॅले म्हणजे मागे कुणीतरी गाणार, पुढे मुकुट घातलेली माणसे हात हलवणार आणि शेवटी आरती, अशी माझी पंचेचाळीस वर्षांची समजूत. वयाचा आणि पोटाचा विचार करता मला दशरथ देतील, हे मी धरूनच चाललो. दशरथाला सिंहासनावर बसायचे असते आणि वेळेत मरायचे असते. दोन्ही मला जमण्यासारखे. नाव नोंदवले त्याच दिवशी मी आपल्यासकट सात नातेवाइकांना कार्डे टाकली. ही माझी पहिली चूक, आणि बाकीच्या सगळ्या तिच्याच पोटच्या.

पण नाव का नोंदवले, हे कार्डात लिहिले नव्हते. नाना, मीनासाठी नोंदवले. गेल्या वर्षी मे महिन्यात आमची अरुणा लग्न होऊन नागपूरला गेली आणि घराचा आवाजच गेला. गिरगावात निदान भिंतीपलीकडचा कुकर ऐकू यायचा. इथे आमच्या मजल्यावर चार ब्लॉक आणि तिघांना कुलूप. मी सकाळी तुर्भ्याला जातो, रंगाच्या कारखान्यात डबे मोजतो, संध्याकाळी येतो, तोवर मीना पोस्टमनखेरीज कुणाशी बोललेली नसते, आणि तोही रोज येत नाही. चौदा महिन्यांत ती एकदाही हसली नव्हती. जूनमध्ये तिने तिची माहेरची ट्रंक माळ्यावरून उतरवून घेतली. 'थोडे दिवस अरुणाकडे जाते,' म्हणाली. थोडे म्हणजे किती, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. ती ट्रंक तेव्हापासून दाराजवळ पॅसेजमध्ये आहे. अर्धी भरलेली. रोज कामावर जाताना तिला ओलांडून जावे लागते, आणि मला फार भीती वाटते. मीनाला म्हटले, चल, तुला कौसल्या देतील. ती नको म्हणाली, पण माझा चष्मा आणि डबा सांभाळायला म्हणून आली.

वर्ग नामदेवशेठ म्हात्र्यांच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर भरतो. शिकवणाऱ्या सुचित्राबाई नवऱ्याच्या नोकरीपायी अकरा वर्षे रशियात राहून आल्या आहेत आणि तिथल्या थंडीत ऊब म्हणून हे शिकल्या. (शेगडी घेता आली असती.) पहिल्याच दिवशी मी विचारले, सिंहासन कुठे आहे? त्या म्हणाल्या, इथे कुणी बसत नाही. रामायणातले एकही पात्र इथे नाही, गाणे नाही, मुकुट नाही, आणि टाच जमिनीला लावणे हा अपराध आहे, हे मला तेव्हा कळले. 'बार' धरून उभे राहायचे असते. सोसायटीच्या दोघा सभासदांनी तर हा एक शब्द कुठूनसा ऐकून नाव घातले होते, आणि तो बार म्हणजे नामदेवशेठच्या लग्नमांडवातला बांबू खिडकीच्या गजांना बांधलेला आहे हे पाहून ते परत आले नाहीत.

शब्द सगळे फ्रेंच. गुडघे वाकवायचे असले की बाई 'प्लिये' म्हणतात. नामदेवशेठची आई गोजराबाई आमच्या वर्गात आहे (हॉल आपला, बघू तरी काय चालते, म्हणून दारात उभी होती, ती आत आली). ती पहिले दोन मंगळवार दर प्लियेला 'नको बाय, आताच च्या पिऊन आले' असे अदबीने सांगत असे. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहण्याला मात्र बाई जे काही म्हणतात ते सगळ्यांनाच 'रेल्वे' असे ऐकू येते, आणि ते एक आम्हाला सांगताक्षणी जमले. नेरूळकराला त्यात शिकण्यासारखे काय? स्टेशन पाच मिनिटांवर, असे ऐकून आम्ही इथे जागा घेतल्या, आणि गेली दोन वर्षे टाचा उंचावून रूळ कुठे दिसतात का ते पाहतो आहोत. बाई 'रेल्वे' म्हणाल्या की वीस माणसे एकदम उंच होतात. उतरायचे कसे, हे मात्र कुणी शिकलेले नाही.

तर पहिल्या मंगळवारी, पहिल्याच रेल्वेला, मी पडलो. बांबू सुटला आणि बांबूसह पडलो. मीनाने माझ्या हिवाळी विजारीला काळा रंग देऊन ती अंगाला बसेल अशी आवळली होती, ती त्याच सुमारास उसवली. मी जमिनीवरून बाकाकडे पाहिले. नाना, मीनाचे खांदे हलत होते. आपल्याला आठवते ना तिचे हसणे? आधी खांदे, मग उचकी, मग कुठे आवाज. त्या दिवशी आवाजापर्यंत गेले. रस्ताभर ती मधेच थांबून हसत होती आणि मी उसवलेल्या विजारीवर तिची पर्स धरून चालत होतो. एवढे बरे मला अरुणाच्या लग्नातही वाटले नव्हते.

तेव्हापासून साडेतीन महिने मी दर मंगळवारी जातो आणि पडतो. उजवीकडे पडलो, डावीकडे पडलो, एकदा पुढे पडताना सुचित्राबाईंचा टेपरेकॉर्डर वाचवायला म्हणून मागे पडलो. खांद्याचे असे झाले आहे की सदरा मीना घालून देते. कारखान्यात वरच्या फळीवरचे डबे काढायला दुसऱ्याला सांगावे लागते, आणि काय झाले असे साहेबांनी विचारले तेव्हा मी जिन्यावरून पडलो असे सांगितले. (दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जिना सांगितला. तिसऱ्या आठवड्यात साहेब म्हणाले, तुम्ही तळमजल्यावर जागा घ्या.)

मधल्या काळात गोजराबाई सगळ्यांच्या पुढे गेली. मिठागराच्या चिखलातून, अरुंद बांधावरून, डोक्यावर पाटी घेऊन तिने जन्म काढला. तिला तोल शिकवायचा म्हणजे बाईंचाच वेळ जायचा. दुसऱ्याच मंगळवारी मला बाजूला घेऊन ती म्हणाली, 'भाव, चिखलान चालाचा त खाली नाय बगाचा. खाली बगला का परला.' मी ते मनावर घेतले आणि नेमकी तीच माझी दुसरी चूक झाली, पण त्या चुकीविषयी खाली वेगळे लिहितो.

आता बावीस तारखेबद्दल. बाईंनी 'खाडीतले बगळे' नावाचा बॅले बसवला आहे. त्यात सात बगळे आहेत. पहिला बगळा गोजराबाई. पाचवा मी. मी पांढरा बनियन आणि ती विजार (आता पांढरी, पण आतला काळा डोकावतो) घालून एका पायावर उभा राहणार, मग खाडीत काही दिसल्यासारखी मान वळवणार, मग उडणार. बोलायचे काही नाही. मरायचेही नाही, मी विचारून पाहिले. अयोध्येचा राजा पाहायला म्हणून आपण अकरा माणसे आणणार आणि पाहणार काय, तर आपल्या मावशीचा मुलगा, वय पंचेचाळीस, चिखलात एका पायावर. वहिनींच्या माहेरची माणसेही त्यात आहेत, असे आपण लिहिले आहे. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

म्हणून हात जोडून विनंती (कोपरापर्यंत जुळतात), की आपण येऊ नये, उलट वीस तारखेला मिळेल अशी एक तार मला करावी: 'ताबडतोब निघा.' आजारी कोण, हे तारेत घालू नये, ते मी वाटेत ठरवीन. बाईंना तार दाखवली की सुटलो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. हे फक्त आपल्यासाठी, कुणापाशी बोलू नये. गोजराबाईचे ऐकून तिसऱ्या मंगळवारी मी खाली पाहिले नाही, आणि पडलो नाही. पुरा तास पडलो नाही. बाईंनी शाबासकी दिली. बाकावर पाहिले तर मीना डब्याच्या झाकणाशी चाळा करीत भिंतीवरचे घड्याळ बघत होती, आणि तोंड पुन्हा जूनसारखे. म्हणून पुढच्या मंगळवारपासून मी ठरवून पडतो. नीट पडायला तोल फार चांगला लागतो, तो आता मला आला आहे, आणि खांदा त्यातच गेला. तेव्हा बॅले जमत नाही असे वरच्या पत्रावरून वाटेल ते खोटे आहे. जमतो. तीच अडचण आहे. बावीसला पडलो तर आपल्या सगळ्यांची नाचक्की, आणि नाही पडलो तर ती ट्रंक आहेच.

ता. ता. क. विचार केला. तार नको. या. फक्त मी पडलो तर आपली अकरा माणसे बामची बाटली घेऊन स्टेजवर धावतील, तसे करू नये. जागेवर बसून मीनाला हसू द्यावे. एवढेच मागायचे होते, बाकीचे पत्र उगीच लांबले. पाकीट चिकटवायला आणि टाकायला तिच्याकडेच देतो आहे, माझा हात डिंकाच्या बाटलीपर्यंत पोचत नाही.

नानाभावजींना मीनाचा नमस्कार. दुसऱ्याचे पत्र मी वाचत नाही, पण पाकीट जाड झाले, तिकीट किती लावायचे ते बघायला उघडले. हे मुद्दाम पडतात ते मला पहिल्याच वेळी कळले. खरा पडलेला माणूस आधी आपले ढोपर बघतो. हे आधी बाकाकडे बघतात. मला हसू येते ते त्याचे. आता सांगितले तर बघायचे थांबवतील, म्हणून सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. अकराही जण अवश्य या. मुलांपैकी दोघे जरा अंगाने बरे असे आणा, पॅसेजमधली ट्रंक पुन्हा माळ्यावर चढवायची आहे. मी रिकामी करून ठेवली आहे, पण मला एकटीला उचलत नाही, आणि ह्यांचे हात सध्या खांद्याच्या वर जात नाहीत.