शेशानच्या नावाखालची ओळ

मी शेशान, इशीचा मुलगा, यरहमेल कुळातला, राहणार नेगेवच्या वाळवंटाच्या कडेची आमची वस्ती. गुडघे गेले आहेत, डोकं जाग्यावर आहे. कोणी दटावलेलं नाही, कोणी पाजलेलं नाही. वेशीतल्या माणसांसमोर मत्तन लेखनिकाकडून हे लिहवून घेत आहे. मत्तनला नटवून लिहायची खोड आहे. त्याने मी बोलतो तेवढंच लिहावं.

मला मुलगा नाही. एकच मुलगी, अहलई. माझा पुतण्या हेलेम हे मला तीस वर्षं दर सणाला ऐकवत आला आहे, तेव्हा आधीच लिहून टाकतो.

अहलईचा नवरा यरहा हा मिसरी, मिसर देशातून आलेला. सहा-सात वर्षांचा असताना मी त्याला व्यापाऱ्यांच्या तांड्याकडून दोन पोती जव देऊन विकत घेतला. आज सांगताना लाज वाटते, पण घेतला. तो आता कोणाचाही गुलाम नाही. लग्नाच्या दिवशीच त्याला मोकळं केलं होतं, पण वेशीत येऊन चारचौघांत बोललो नव्हतो. ती चूक माझी. आज बोललो.

उतारावरची तिन्ही शेतं, अंजिराची बाग आणि खडकातलं पाण्याचं टाकं अहलईच्या मुलाला, अत्तयला. शेतं माझी म्हणायची ती नावापुरती. तिथे नुसते दगडगोटे होते. यरहाने ओढ्याला आडवे बांध घातले, वर्षातून एकदा-दोनदा येणारा लोंढा अडवला, गाळ धरला आणि त्यात जव उभा केला. इतका कष्टाळू, इतका डोकेबाज आणि तरी इतका अबोल माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुष्काळात हेलेमची मेंढरं ह्याच टाक्यावर जगली. यरहाने ते कधी बोलून दाखवलं नाही. मी दाखवतो.

छाटणीचा कोयता यरहाला. जातं, तांब्याचं पातेलं आणि दोन दुभत्या शेळ्या अहलईला. माझा लोकरीचा झगा हेलेमला. बारा वर्षांपूर्वी मागून नेला तो त्याने परत आणलाच नाही, आता आणूही नये.

राहिली वंशावळ. दर वर्षी मेंढ्यांच्या कातरणीला ती वेशीत मोठ्याने म्हणतात. माझ्या नावाखाली काय म्हणायचं, ते बोलायला हेलेम परवा घरी आला. जवळचा पुरुष नातलग तोच. ह्या मृत्युपत्रावर त्याचा ठसा नसला तर माझ्यामागे तो शेतांवर हक्क सांगू शकतो.

"काका," तो म्हणाला, "अत्तयला तुमचाच मुलगा म्हणून लिहा, लगेच ठसा देतो. आपल्या वंशावळीत मिसरी कशाला घुसडता? लोक तोंडावर हसतील."

खोटं कशाला सांगू, जीव हुरळला. "शेशानचा मुलगा" हे शब्द ऐकायला मी जन्मभर तळमळलो आहे. यरहाला विचारायला गेलो. तो बांधाचे दगड रचत होता.

"लिहा, मालक. माझं नाव राहिलं काय नि गेलं काय! पोराची जमीन राहू दे."

अहलई मात्र भडकली. "वा बाबा, वा! म्हणजे मी माझ्या पोटच्या पोराची बहीण झाले? मग ह्यांची मी कोण? आणि तुम्ही अजून ह्यांच्याकडून मालक म्हणवून घेता?"

तिचं म्हणणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी मत्तनला बोलावणं धाडलं.

माझ्या मते ओळ अशी असावी: शेशानची मुलगी अहलई, तिचा नवरा यरहा मिसरी, त्यांचा मुलगा अत्तय. असा जावई ह्या कुळाला मिळाला ह्याचा मला अभिमान आहे, तो लपवून मला मरायचं नाही. पण हेलेमने ठसा दिला नाही तर शेतं जातील ती अत्तयची. बावीस वर्षांचा झाला आहे, त्याचं त्याने ठरवावं. खाली त्याने आपलं नाव बापाच्या नावासकट स्वतःच्या हाताने लिहावं. तो लिहील तेच वंशावळीत म्हणावं. लिहिताना कोणी त्याला खूण करू नये. अहलई, तू तर मुळीच नाही.

स्थळ: वस्तीची वेस. काळ: टोळधाडीनंतरचं चौथं वर्ष, जवाची कापणी संपली त्याचा दुसरा दिवस.

शेशान, इशीचा मुलगा. अंगठीचा ठसा.

साक्षीदार: बरख्या, कुंभार. योहा, वेशीतला वडीलधारा.

नातलग: हेलेम. ठसा हातात घेऊन उभे आहेत. वारसाने लिहिलेलं वाचून मगच देतो म्हणतात.

वारस: अत्तय, यरहा मिसऱ्याचा मुलगा.