बाबांचे पास

रविवार, संध्याकाळ

आज बाबांच्या तेरवीला कोराडीच्या बास्केटबॉल टीममधले त्यांचे मित्र आले होते. जेवणानंतर वाद सुरू झाला. उमेदीच्या काळात बाबांची कदर झाली नाही, की त्यांचा खेळच तेवढा होता?

"बास्केट किती टाकायचा गा तो?" एक जण म्हणाला.

पास कोण मोजतं? मलाही बाबांनी अंगणात आधी पासच शिकवला.

मग राज्याच्या संघात गेलेले वसंतकाका बोलले. "त्याच्या पासमुळंच माझी निवड झाली. माझ्याहून मोठा खेळाडू होता तो."

आईनं विचारलं, "हे त्यायले कधी सांगितलं का, भाऊ?"

काकांनी नुसती मान हलवली. नाही.

मी उगाच चिडतेय का? पण दर दिवाळीला बाबा त्यांच्याकडे फराळाला जायचे. एकदाही नाही?